बाबांच्या नावानं ठेवलेलं पाणी

या सदरातले अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतो. रस्त्यात बाई दिसली, मागे वळून पाहिलं तर गायब... असलं काही आलं की मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि मग आम्ही दोघं मिळून त्यातली भोकं शोधतो. मी कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन बसवणारा फिटर. पट्टा तुटला तर तो का तुटला हे शोधायचे मला पैसे मिळतात. गावात कुणाच्या अंगात आलं की मी उठून घरी जातो, त्यामुळे एक मावशी अजून माझ्याशी धड बोलत नाही. तोच माणूस आता इथं लिहायला बसलाय म्हटल्यावर बायकोला मजा वाटतेय. वाटू दे.

एक आधीच सांगतो — यात भूतबीत काही नाही. माझे वडील मे महिन्याच्या उन्हात दिवसभर बेपत्ता होते आणि तरी जिवंत सापडले, त्याबद्दल हे आहे. ते कसे टिकले हे डॉक्टरांना नीट सांगता आलं नाही. मला तर अजिबातच येत नाही. घडलं तसं लिहितो, तुम्हाला काय समजायचं ते समजा.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगु मंडलात. घरात मराठी, शाळा-कचेरीत तेलुगू, व्यापाऱ्याशी हिंदी, असा आमचा कारभार. शेती कोरडवाहू, कापूस आणि ज्वारी. ती माझा धाकटा भाऊ सुनील करतो. म्हणजे बाबा सांगतात आणि तो करतो. बाबांनी सत्तरी ओलांडली तरी सकाळी सगळ्यांच्या आधी तेच शेताच्या धुऱ्यावर असतात. मी आदिलाबाद शहरात राहतो. आमची कंपनी जिथं मशीन विकते तिथं जाऊन ती उभी करून द्यायची, हे माझं काम. आधी यवतमाळ, अकोला, गुंटूर असं फिरायचो. नंतर कंपनीला आफ्रिकेतली कामं मिळायला लागली आणि मला पासपोर्ट काढावा लागला.

ज्या मे महिन्याबद्दल सांगतोय, तेव्हा मी घाना देशात होतो. देशाच्या उत्तर टोकाला, बुर्किना फासोच्या सीमेजवळ एका गावात जिनिंग उभं राहत होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या लोकांना मी विचारलेलं नाही. तांबडी माती, ज्वारी-बाजरीची रिकामी रानं, शेळ्या, धूळ, आणि पावसाकडे डोळे लावून बसलेली माणसं... पहिल्या दिवशी मला वाटलं, विमान चक्कर मारून परत आदिलाबादलाच उतरलं की काय.

काम मधेच अडलं होतं. जिनचे रोलर बंदरातून निघाले होते पण पोचत नव्हते. त्यात माझं पोट बिघडून गेलेलं. तीन दिवस खोली आणि संडास, एवढंच माझं जग होतं. बरा झालो तेव्हा साहेबाचा फोन आला, की यापुढे सीलबंद बाटलीशिवाय पाणी प्यायचं नाही, पुन्हा आजारी पडलास तर तुझ्या जागी दुसरा माणूस पाठवावा लागेल. मी कानाला खडा लावला.

जिनिंगमधला इलेक्ट्रिशियन अतंगा तिथलाच होता. मी रिकामा बसून कंटाळलोय हे बघून तो म्हणाला, "चल, तुला आमच्या चीफचा राजवाडा दाखवतो."

चीफ म्हणजे तिथला पिढीजात राजा. सरकार वेगळं, चीफ वेगळा. जमिनीचे वाद, नवरा-बायकोची भांडणं अजूनही त्याच्यापुढे जातात. चीफ आता शेजारी पत्र्याच्या नव्या घरात राहतो आणि जुना राजवाडा वारसा म्हणून जपून ठेवलाय. फाटकाशी पाटी, तिकीट, बाकडं, सगळं व्यवस्थित. फोटो काढायला मनाई होती म्हणून फोन आणि पिशवी फाटकावरच ठेवून घेतली.

राजवाडा म्हटल्यावर मी बुरूज, दिवाणखाना, झुंबर असं काही धरून गेलो होतो. बघतो तर मातीची घरं. काही गोल, काही चौकोनी, एकमेकांना खेटून, वरती धान्य वाळवायला सपाट धाबी. भिंतींवर काळ्या, पांढऱ्या आणि तांबड्या रंगाचे त्रिकोण, वरपासून खालपर्यंत. बायका दरवर्षी त्या सारवतात आणि नव्यानं रंगवतात. त्या सकाळीही एका भिंतीचं सारवण चालू होतं. माती, शेण, आणि कसल्याशा शेंगा उकळून काढलेलं पाणी. शेणाचा तो वास नाकात गेला आणि मला एकदम घर आठवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

जुन्या राजवाड्याची देखभाल चीफचे एक चुलते करायचे. उंच, वाळलेले, अंगात सैल झगा. सगळे त्यांना आजोबा म्हणत, मग मीही आजोबाच म्हणायला लागलो. त्यांना इंग्रजी थोडं कळायचं, पण बोलायचे आपल्या भाषेत, आणि अतंगा मला सांगायचा.

मुख्य घराचं दार माझ्या मांडीएवढ्या उंचीचं. आमच्या गोठ्याचं दार त्याच्यापेक्षा बरं. वाकून, जवळजवळ रांगत आत शिरायचं, आणि शिरल्या शिरल्या पुढे गुडघाभर उंचीची दुसरी भिंत, ती ओलांडायची. शत्रू आला तर आधी त्याचं डोकं आत येतं, असं सांगून अतंगानं स्वतःच्या मानेवरून हात फिरवून दाखवला.

पण त्याआधी दारात आजोबांनी मला थांबवलं. माझ्या पायांकडे बोट केलं, मग डोक्याकडे. चपला काढायच्या हे समजलं. टोपी काढायची हे काही समजेना. अतंगा म्हणाला, चीफच्या दारात डोकं झाकून जायचं नाही, अपमान होतो. आमच्याकडे नेमकं उलटं. बाबा टोपी घातल्याशिवाय अंगणाच्या बाहेर पडत नाहीत. कुणाच्या दारात बोडक्यानं जायचं म्हणजे तिथं मयत झालेली असली पाहिजे. पण आपण त्यांच्या घरी आलोय, त्यांचंच चालणार. मी कंपनीची पिवळी टोपी काढून हातात धरली आणि आत गेलो.

आत गार होतं. डोळे सरावल्यावर दिसलं, की आजोबांच्या सुनेनं मोठ्या सुक्या भोपळ्याच्या अर्ध्या कवटीतून काहीतरी आणलंय. आमच्याकडे तुंबा असतो ना, तशीच कवटी, फक्त उघडी आणि रुंद. आत पांढरट पाणी. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून त्यात आलं आणि थोडं तिखट घालतात. आलेल्या माणसाला आधी हे द्यायचं. तो प्यायल्याशिवाय कुठून आलास, कशाला आलास, काही विचारायचं नाही.

मी अतंगाला हळूच म्हटलं, "तिकीट काढून आलोय, एवढं कशाला?"

त्यानं ते आजोबांना सांगितलं. आजोबा म्हणाले, "तिकीट भिंती बघायचं. पाणी घराचं आहे."

आता आली का पंचाईत. पाण्याला नाही म्हणू नये हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या गावात एखाद्यानं पाणी नाकारलं तर त्याच्या मनात काहीतरी आहे असं समजतात. पण हे पाणी कुठल्या विहिरीचं, कुणी भरलेलं, देव जाणे. तीन दिवसांची ती खोली माझ्या डोळ्यांपुढून हलेना. काहीतरी सबब सांगायला हवी होती, आणि तोंडाला आली ती मी सांगून टाकली.

"आमच्याकडे वडिलांच्या आधी मुलगा पाणी पीत नाही," मी म्हटलं.

असा काही रिवाज नाही, हे सांगायची गरज नाही. आमच्या घरी पोरं आधी जेवतात, आणि बाबा सगळ्यात शेवटी, तेही आईनं दोनदा ओरडल्यावर. पण मला वाटलं, रिवाज म्हटला की कुणी पुढे बोलणार नाही. आजोबा कवटी बाजूला ठेवतील आणि विषय संपेल.

आजोबांचा चेहरा मात्र खुलला. मला जवळ बसवून घेतलं. वडील आहेत का, विचारलं. आहेत म्हटलं. नाव काय? म्हटलं, किसन. त्यांच्या वडिलांचं नाव? लक्ष्मण. गाव? मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी प्रत्येक शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला आणि बरोबर येईपर्यंत स्वतः म्हणून पाहिला. मग अतंगा मला समजावायला लागला, की इथं पाहुण्यासाठी काढलेलं पाणी परत आत नेत नाहीत. तू ते वडिलांना दिलंस, तर आता ते वडिलांचं झालं. ते वारलेले असते तर पूर्वजांच्या ओट्यावर ओतलं असतं. ते जिवंत आहेत, म्हणून दारात ठेवायचं.

माझी पुरती फजिती. हसावं तर तेही बरं दिसेना.

आजोबांनी कवटी उचलली, त्या ठेंगण्या दाराच्या आत, उंबऱ्याशी ठेवली, आणि बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून बाबांचं नाव घेतलं. किसन लक्ष्मण आणि मग गाव. बरंच मोठ्यानं. त्यानंतर आम्ही तिघं गप्प बसून राहिलो. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, पण माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. बाहेर बायकांच्या हाताचा भिंतीवर सपसप आवाज येत होता. मला झोप यायला लागली होती, हेही सांगून टाकतो.

मग आजोबा उठले, कवटी उचलून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "ते प्याले. आता राहिलेलं तुझं."

कवटीत अर्धंच पाणी होतं. आतल्या बाजूला पिठाची ओली रेघ होती, पाणी तिच्या बरंच खाली. मशीनमधलं ऑइल बघून बघून माझी नजर असल्या रेघेवर आपोआप जाते. पण आधी ती किती भरली होती ते मी नीट पाहिलं नव्हतं, म्हणून शपथ घेणार नाही. आणताना हिंदकळलीही असेल. कोंबडी येऊन पिऊन गेली असती तर दिसली असती, कारण दार आमच्या समोरच होतं. आता मात्र मला सबब उरली नव्हती. स्वतःच सांगितलेल्या रिवाजात मी अडकलो होतो. प्यालो. चव चांगली होती, आल्याचा झटका बसला. पोटालाही काही झालं नाही.

फाटकावर येऊन फोन घेतला तर सुनीलचे मिस्ड कॉल्स. एकामागून एक. आपल्याकडे घानापेक्षा साडेपाच तास पुढे असतं, म्हणजे तिथली सकाळ सरत होती तेव्हा गावात दुपार कलत होती. मी तिथंच बाकड्यावर बसून फोन लावला.

"दादा," सुनील म्हणाला, "बाबा सकायपासून भेटून नाही राह्यले."

झालं असं होतं. नवा आणलेला गोऱ्हा रात्री दावं तोडून पळाला. आपल्या जुन्या मालकाच्या गावाकडे गेला असेल असं धरून बाबा पहाटेच निघाले, टेकडीमागच्या झुडपी जंगलातून. दुपारी गोऱ्हा एकटाच घरी परत आला, गळ्यात तुटकं दावं. बाबा आले नाहीत.

"पाणी होतं का सोबत?" मी विचारलं.

"नाही ना. क्यान धुऱ्यावरच हाय. म्हनलं असतीन इकडंतिकडं, मीच पाहून येतो. तुले काऊन सांगा, तू तिकडून काय करनार होता... पन आता लई उशीर झाला दादा. आमी सगळे निंगून राह्यलो."

मेमधलं आमच्याकडचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दुपारी कावळासुद्धा सावली सोडत नाही. सत्तरीचा माणूस, पहाटेपासून चालतोय, थेंबभर पाणी नाही. त्या जंगलातले नाले होळीलाच आटतात. मी काय करू शकत होतो? काही नाही. हजारो मैल दूर फाटकाजवळच्या बाकड्यावर बसून राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसत नव्हतो.

अतंगाला मी कसंबसं सांगितलं होतं, त्यानं आत जाऊन आजोबांना सांगितलं असावं. ते बाहेर आले. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ते प्याले आहेत. मयताला बसल्यासारखा बसू नकोस. जा, जेवून घे."

मला भयंकर राग आला. मनात म्हटलं, म्हाताऱ्या, तुझं काय जातंय. तुझं राजवाड्याचं नाटक इथं ठेव. मी उठून निघालो. अतंगानं मला गाडीवर बसवून खोलीवर आणून सोडलं.

दिवस मावळायच्या आत बाबा सापडले. सुनीलचा फोन आला तेव्हा मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो.

"हाय, जिते हाय," एवढं तो म्हणाला आणि रडायला लागला. मग मीही.

आता जे लिहितोय ते त्यानं मला त्याच फोनवर सांगितलं, आणि हे लक्षात घ्या की मी त्याला राजवाड्याचं अवाक्षरही सांगितलेलं नव्हतं. तसल्या वेळी कोण सांगत बसेल?

बाबा टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, कोरड्या नाल्याच्या काठावर एका पळसाच्या बुडाशी बसलेले सापडले. आडवे पडलेले नव्हते. गुडघे दुमडून बसलेले. हाक मारली तर ओ दिली. ग्लानी होती, पण सुनीलला ओळखलं.

"पन दादा, एक गोष्ट काही समजली नाही," सुनील म्हणाला. "बाबाच्या चपला दूर काढून ठेवल्या व्हत्या. जोडीनं, नीट लावून. कोनाच्या दारात काढतेत तश्या. अन् टोपी मांडीवर. घडी करून. तेवढ्या उन्हात बाबा टोपी काढतीन?"

मी फोन खाली धरून खुंटीवरच्या माझ्या पिवळ्या टोपीकडे बघत राहिलो. सुनीलला वाटलं लाइन तुटली. तो "हॅलो, हॅलो" करत राहिला.

पुढचं मला नंतरच्या फोनवर कळलं. दवाखान्यात नेण्याआधी त्यांना घरी आणलं, गाडी घरूनच निघायची होती. आईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. मिशांना पांढरं काहीतरी वाळून चिकटलेलं. सुनीलला तो फेस वाटला होता. आईनं बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला आणि म्हणाली, "हे तं ज्वारीचं पीठ होय. यायले पीठ कोनं खाऊ घातलं?" जन्मभर जातं, गिरणी आणि काठवट यांच्यात गेलेली बाई आहे ती. पिठात चुकायची नाही.

आदिलाबादच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते, तेलुगू, पण सुनीलशी हिंदीत बोलले. तपासण्या बघून त्यांनी विचारलं, "रास्ते में कितना पानी पिलाया इनको?"

"थोडासा मुँह गीला किया, साब," सुनील म्हणाला.

डॉक्टरांनी पुन्हा कागद पाहिले. ऊन लागलंय, ताप आहे, हे सगळं ठीक, पण दिवसभर अजिबात पाणी न मिळालेल्या म्हाताऱ्या माणसाचे रिपोर्ट असे येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. दुपारच्या सुमाराला यांना कुणीतरी पाणी दिलेलं आहे. नाही तर हे तुम्हाला असे मिळालेच नसते. सलाइन लावलं, दोन रात्री ठेवून घेतलं, घरी सोडलं.

रोलर आले, मशीन उभ्या राहिल्या आणि जूनच्या शेवटी मी परत आलो. तोपर्यंत मी स्वतःशी बराच वाद घातला होता. तो सगळा तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्यातले माझ्यासारखे वाचक तेच विचारणार.

गुराख्यानं पाणी दिलं असेल. अगदी शक्य आहे. त्या बाजूला गोंडांची वस्ती आहे. तुंब्यात पाणी नेतात, ज्वारीची आंबील पितात, आणि तान्हेल्या माणसाला टाकून जाणाऱ्यांतले ते लोक नव्हेत. सुनील त्या वस्तीवर जाऊन घरोघरी विचारून आला. मे महिन्यात त्या अंगाला चाराच नसतो, गुरं नदीकडे नेतात, त्या दिवशी तिकडं कुणीच गेलं नव्हतं. वस्तीतला एक म्हातारा सुनीलला म्हणाला, "आमी पानी देलं असतं तं त्यायले आनून घरी नसतं पोचवलं का?"

टोपी-चपलांचं म्हणाल, तर उन्हाच्या झटक्यात माणूस भ्रमिष्ट होऊन अंगावरचं काढून टाकतो, असं डॉक्टरही म्हणाले. काढून टाकतो, बरोबर. घडी घालतो का? गावातली मंडळी तर एका शब्दात मोकळी झाली — चकवा. म्हणजे जंगलात वाट चुकवणारा तो. ठीक आहे, चकव्यानं वाट चुकवली. पण पाणी पाजणारा चकवा मी आजवर ऐकलेला नाही.

आणि वेळ. सुनीलचे ते मिस्ड कॉल्स मी राजवाड्यात असतानाचे आहेत. डॉक्टर म्हणतात ती दुपारही साधारण तीच. योगायोग म्हणायला माझी हरकत नाही. मी स्वतः बरेच दिवस तसंच म्हणून बघितलं, पण म्हणताना मलाच ते पटत नव्हतं.

घरी आलो तेव्हा पहिला पाऊस होऊन पेरण्या चालू होत्या. बाबा बरे होते, फक्त दुपारी बाहेर जायला आईनं बंदी घातलेली, म्हणून चिडचिडे झालेले. सकाळी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "बाबा, त्या दिवशी पानी कोनं देलं तुमाले?"

"कोन जाने," बाबा म्हणाले. "त्वांड नाही पाह्यलं."

"मंग?"

"पुकारा झाला. तहसीलात पेशीच्या वक्ताले करतेत नाही का, तसा. माहं नाव, माह्या बापाचं नाव, गाव. म्या म्हनलं, हाजीर हाव. मंग पानी भेटलं. पीठ व्हतं त्यात, अन् तिखट. बेस व्हतं."

"सगळं प्याले?"

"नाही. अर्धं ठेवलं. आपल्याले देनाऱ्याचंबी कोनी मागं असते. सगळं कसं पेनार?"

टोपी का काढली, तर आठवत नाही म्हणाले. घर होतं का, दार होतं का, तर तेही नाही. गारवा वाटला एवढं आठवत होतं. मी दोन-तीनदा फिरवून फिरवून विचारलं तर चिडले. "पोलिसावानी काऊन इचारून राह्यला बे?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. जिनिंग, अतंगा, मातीचा राजवाडा, ठेंगणं दार, टोपी, आजोबा, कवटी. बाबा ज्वारीच्या कणसातले दाणे बोटांनी काढत ऐकत होते. कणीस संपलं तरी बोटं थांबली नाहीत.

मग म्हणाले, "म्हंजे पानी तुले देलं व्हतं. अन् तू म्हनला, आधी माह्या बापाले."

माझे वडील माझ्यासमोर कधी असे बोललेले मला आठवत नाही. ते माझ्याकडे अशा काही नजरेनं बघत होते, की गप्प बसलो असतो तर जन्मभरासाठी श्रावणबाळ ठरलो असतो. पण मला राहवेना. ज्या माणसाचा जीव जाता जाता राहिला, त्याच्याशी खोटं काय बोलायचं?

"तसं नाही बाबा," मी म्हटलं. "माहं पोट बिघडलं व्हतं. ते पानी पेयाचं भेव वाटलं, म्हनून म्या थाप मारली."

बाबांना आधी समजलंच नाही. मग समजलं. आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई आतून धावत आली, काय झालं म्हणून. बाबांना बोलता येईना, ते नुसतं माझ्या पोटाकडे बोट दाखवत होते.

यंदा पुन्हा त्याच जिनिंगवर देखभालीसाठी जायचंय. आजोबांना भेटून काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही, कारण काय झालं हे मलाच ठाऊक नाही. विचार करून करून मी थकलो आणि सोडून दिलं. बाबांनी मात्र सोडलेलं नाही. माझं तिकीट आल्याचं कळल्यापासून ते आईला सांगतायत, की याले जायच्या आधी काही औषीद देऊ नको, याचं पोट हाय तसंच राहू दे. आणि एवढं म्हणून झालं की पुन्हा हसतात.